बिनदाराच्या घरचं पोरगं

—तारीख? लिहा, अठरा फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी धुई पडली हुती, कांद्याच्या पातीवरनं पाणी ठिबकत हुतं. आता लख्ख ऊन, वारं मावळतीचं. असं बघता काय? हे काय, कॅलेंडरवर लिहिलंय ना मी — रोज लिहिते. शाळा माझी तिसरीलाच सुटली, पुढचं ओमच्या पुस्तकांवर शिकले, तो गिरवायचा तसं मीबी शेजारी बसून गिरवायची. सकाळी हवा लिहायची, संध्याकाळी जे झालं ते एका ओळीत. चौकोनच एवढासा, त्यात मनाचं काही घालाया जागाच उरत न्हाई. — बसा की नीट, असं कडेला अवघडून नका बसू, खाट मजबूत हाय. मघाशी अंगणात उभं राहून तुमी वाजवायला काय मिळतंय ते शोधत हुते ना, बघितलं मी चुलीपासनं. आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं बघा. अहो, शिंगणापुरात येऊन दार वाजवायचं म्हणता! नुसती चौकट हाय, चौकटीला पडदा हाय. बाहेरनं हाक मारायची, ‘ओमची आई हाय का घरात?’ — झालं.

चहात साखर चालती ना? आमचे हे घोडेगावला गेलेत, कांदा घेऊन. जाताना बजावून गेलेत मला — ठेकेदाराचा माणूस आला तर पाणी दे, चहा दे, बोलू मात्र काही नको, मी आल्यावर बघू. त्यांचा स्वभाव तसाच, भिमाजी म्हणलं की गावात सगळे म्हणतात, तोंडात मूग. पण तुमीच म्हणले ना आल्या आल्या, मावशी, पोराबद्दल दोन चांगल्या गोष्टी सांगा, मी वर कळवतो, त्याचा गोदीत शिरायचा गेटपास थांबवलाय तो सुटंल. मग त्या आईनं सांगायच्या न्हाईत तर कुणी सांगायच्या? आठ दिवस झाले पोरगं खोलीवर बसून हाय. फोन केला की म्हणतो, जेवलो. दुसरं काही बोलत न्हाई. तो न बोलणारा न्हाई हो साहेब. तो बापावर गेलाच न्हाई, माझ्यावर गेलाय.

आधी रोज फोन — गोदीत बांधत्यात त्या जहाजाचंच चालायचं. मला आधी कळंचना, म्हणलं जहाज म्हंजी होडीच ना मोठी? तर हसला. म्हणला, आई, त्याच्या पाठीवर विमानं उतरत्यात. म्हणलं, उतरून जात्यात कुठं? तर म्हणला, पोटात जात्यात, खाली, लिफ्टनं. पोटात दवाखाना हाय, भाकऱ्या करायचं मशीन हाय, हजार-दीड हजार माणसं झोपत्याल एवढ्या जागा. मी म्हणलं, मंग हे जहाज न्हाई, आपली सोनई हाय सोनई, बाजारपेठेसकट. आन् अजून नुसता लोखंडाचा सांगाडा, वायरी लोंबत्यात, सगळीकडं ठिणग्या. पहिल्या महिन्यात पोरगं दोनदा वाट चुकलं आतल्या आत. आमच्याकडं डबक्यात म्हैस बसंल एवढं पाणी न्हाई उन्हाळ्यात, आन् पोरगं समुद्रावर चालणारं गाव बांधतंय — मी शेजारच्या सविताला सांगितलं तर तिला पटंना. म्हणली, चांगुणाबाई, दुष्काळी माणसानं कशाला पाण्याच्या नादी लागावं. तेव्हा राग आला हुता मला. आता… घ्या, चहा घ्या, निवतोय.

आन् काम काय मिळालं म्हायती हाय ना तुमाला — तुमचाच ठेका म्हणल्यावर असणारच — दारं. दारं बसवायचं काम! पहिल्या दिवशी फोनवर एवढा हसला, म्हणला, आई, साऱ्या देशाची पोरं हायेत इथं, आन् बिनदाराच्या घरच्या पोराला दारं बसवायला लावलीत. साधी दारं न्हाईत ती. लोखंडी, कडंनं रबर, चारी अंगानं खिट्ट्या, मूठ धरून एक-एक आवळायची. एका खोलीत पाणी शिरलं तर शेजारच्या खोलीत थेंब जाता कामा नये, तरच जहाज तरतं. लई जीव लावून करायचा तो. मला सांगायचा, चौकटीच्या कडंला खडू फासायचा, दार मिटायचं, सगळ्या खिट्ट्या आवळायच्या, मंग उघडून बघायचं — रबरावर खडूची रेघ उमटलेली पाहिजे, कुठं तुटता कामा नये. जिथं तुटली तिथनं पाणी येणार. दिवाळीला आला तर मला दाखवाया लागला. घरात दार कुठनं आणायचं? मंग धान्याची पत्र्याची कोठी घेतली, तिच्या काठाला माझी रांगोळी फासली, झाकण लावलं, काढलं. रेघ एका जागी तुटलेली. म्हणला, आई, तुझी कोठी बुडली. यांनाबी हसू फुटलं, यांना!

हां, तेच, तेच सांगते — अपघात झाला त्या दिवसाचं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. एका खोलीत पाणी भरून बघणार हुते, गळतंय का. ओमनं दार लावलं, खिट्ट्या आवळल्या, वर जाऊन सांगितलं, लावलं. पाणी सोडलं. आन् शेजारच्या खोलीत हा नियाज शिडीवर, वायरी बांधत, त्याला म्हायतीबी न्हाई. दार उघडं निघालं. पाण्याचा लोंढा आला, शिडी सरकली, पोरगं खाली आन् शिडी त्याच्यावर. मांडीचं हाड मोडलं. नियाज म्हंजी कोण वाटतं तुमाला? आमच्या नगरचाच हो. नगरला आयटीआयला दोघं एका खोलीवर, दोघं मिळून गेले तिकडं. त्याची आई, मुबारकबी, तिचा मला फोन आला — मी घाबरले, म्हणलं आता ही शिव्या देणार. तर बाई रडत म्हणली, आपा, तुमच्या ओमला सांगा जेवत जा, माझा नियाज म्हणतो ओमनं दार लावलं हुतं. ऐकलं का साहेब? नियाज म्हणतो. पाठमोरा हुता तो, पण मागनं कुणीतरी पाईप ओढत गेल्याचं त्यानं ऐकलं, खिट्ट्या वाजल्याचं ऐकलं. पाईप आत घ्यायला दार उघडलं आन् तसंच टाकून गेलं कुणीतरी. तुमी नियाजला विचारलं का? न्हाई विचारलं? का? दवाखान्यात हाय म्हणून? अहो, मांडी मोडलीय त्याची, तोंड न्हाई मोडलं.

राहू द्या. तुमी तरी काय करणार, पाठवलं तिकडं जायचं. चांगल्या गोष्टी म्हणले ना तुमी, त्या सांगते. माझं पोरगं खोटं बोलत न्हाई. कशावरनं? हे घर बघा की, हाच पुरावा. आमच्या बापजाद्यांपासनं दार न्हाई, कुलूप न्हाई. डाग-दागिना असंल तो ह्या उघड्या कोनाड्यात. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी टेकवायची, बास. देव बघतोय म्हणल्यावर लपवायचं कुणापासनं? असल्या घरात वाढलंय ते. आता गावात काहींनी बसवलीत दारं, शटरं आलीत दुकानांना, पण आमी न्हाई. नगरला खोलीवर ऱ्हायला तर नियाज बिचारा वैतागला. माझ्यापाशी गाऱ्हाणं घेऊन आला, अम्मी समजून सांगा ह्याला — हा अंघोळीला जातो, दार उघडं. कॉलेजला जातो, दार सताड उघडं. माझे नवे बूट गेले, घड्याळ गेलं. मी म्हणलं, बाळा, त्याला चोर म्हायतीच न्हाई तर तो दार कशाला लावंल? दोन वर्षं पोरानं एकदाबी खोलीचं दार लावलं न्हाई साहेब. असलं साधं पोरगं हाय माझं!

काय? परत सांगू? सांगते की. इकडं तोंड करून? बरं. दोन वर्षं एकदाबी दार लावलं न्हाई. कधीच न्हाई. नियाजला विचारा. लहानपणापासनंच — शाळेतबी गुरुजी वरडायचे, वर्गाचं दार लोट रे ओम, तर हा आपला निघून जायचा. सवय? सवय कुठनं असणार दार लावायची, दारच न्हाई तर सव—

…

साहेब, तो मोबाईल उताणा ठेवलाय तुमी, त्यात ते लाल टिपूस कसलं?

न्हाई न्हाई, थांबा. हे घरचं झालं. खोलीचं दार वेगळं, जहाजाचं वेगळं. खोलीचं दार चोरासाठी असतं, ते पाण्यासाठी — त्याला कळतं हो ह्यातलं. तेवढं पुसा. शेवटचं पुसता येतं ना त्यात? आमचा ओम घरी आला की त्याच्या फोनातलं पुसायचा. म्हंजी मी म्हणले ते खोटं न्हाई, आमी खोटं बोलत न्हाई, पण ते ह्याच्यासाठी न्हाई म्हणले मी, इमानाचं सांगत हुते मी तुमाला, इमानाचं! बसा ना, उठता कशाला. अजून एक सांगायचंय, हे घ्या त्यात, हे पहिलं घ्या. दिवाळीला आला तेव्हाची गोष्ट. पाण्याचा हंडा घेऊन आत आला, चौकटीतनं आत पाय टाकला, आन् हात मागं गेला त्याचा. असा — बघा, माझ्या हाताकडं बघा — असा हात मागं जाऊन हवेत मूठ आवळली, मंग खाली, मंग वर. काहीच न्हाई तिथं, नुसता पडदा. मी म्हणलं, काय करतोस रे? तर दचकला, म्हणला, खिट्ट्या लावतोय. जाता-येता करायचा साहेब, रात्री पाणी प्यायला उठला तरी. यांनी पण बघितलंय. चार दिवस ऱ्हायला तर चार दिवस ह्या मोकळ्या चौकटीला खिट्ट्या लावत हुतं पोरगं. झोपेत चालल्यासारखं. असलं पोरगं दार उघडं टाकंल? तुमीच सांगा, टाकंल का?

मोबाईल का उचलला? इतका वेळ माना हलवत हुते.

ते लाल टिपूस विझलं की. कधी बंद केलं? हाताचं सांगत हुते तेव्हा चालू हुतं का? का आधीच… चालू हुतं का, एवढंच विचारते, व्हय म्हणा नायतर न्हाई म्हणा. त्यात हात कसा दिसणार म्हणता? मंग फोटो काढा ना, मी परत करून दाखवते. मी उभी ऱ्हाते चौकटीत. असा, मागं, मूठ, खाली, वर — काढा. काढा की!

यांची गाडी आली वाटतं. व्हय, त्यांचीच. ऐका, त्यांना काही सांगू नका, मी सांगंन. कप ऱ्हाऊ द्या तिथंच. आन् परत असं कुठं गेलात ना, तर मावशी म्हणू नका कुणा बाईला. जावा आता. पडदा वर करा आन् निघा, तुमाला अडवाया हितं काही न्हाई.

\*

सोमवार, ३ मार्च. कोरडं ऊन, वारं नाही. ओमचा गेटपास रद्द झाला. कारण दिलं — दार न लावण्याची सवय, आईने सांगितल्याप्रमाणे.