गाडी धरायला एक माणूस

हॅलो?… हो, मीच. बोल.

काय?… गाडी झाली का, हे विचारायला फोन केलास?

नाही, थांब. आधी सांग, उभी आहेस का बसली आहेस?… मग बस. आणि तुझा नवरा कुठे आहे?… असू दे आंघोळीला. बाहेर आला की त्यालाही ऐकव.

मी कुठे आवाज चढवलाय? आज माझा आवाज असाच आहे.

गाडी पडली, छोटे. बाबांच्या हातावर पडली.

अगं ऐक ना… ऐक. घरी आहेत. आतल्या खोलीत पडलेत. मनगट मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर आहे. दोन बोटं चेंगरलीत. त्यातल्या मधल्या बोटाचं टोक राहतंय की जातंय, ते डॉक्टर तीन दिवसांनी सांगणार… उजवा. हो, उजवाच. किती वेळा सांगू?

चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस गं. कारखान्यात आजूबाजूच्यांची बोटं गेली, यांचं एक नख गेलं नाही. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी मागच्या शेडमध्ये, जावयाच्या मोटरसायकलखाली.

रडू नकोस. रडलीस तर मी फोन ठेवेन, खरंच ठेवेन.

दुपारी. बारा वाजून गेले असतील… तुला का नाही कळवलं ते सांगते नंतर. आधी हे ऐक.

हो, माहितीये, स्टँड दिला होता. तो लाल स्टँड, मित्राकडून आणलेला. त्याचं कौतुक मला नको सांगूस. चेन साफ करायला ठीक आहे तो, टायर बदलायला ठीक आहे. पण तो धरतो कुठे? मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला. आणि चिमटा नि गाडी यांच्या मधे काय असतं? हाच दणके झेलणारा शॉकअप, जो बदलायला म्हणून काढायचा होता. तो काढला की चिमटा राहतो वर स्टँडवर, आणि गाडी बसते खाली. मग स्टँड असला काय नि नसला काय…

मला कसं कळलं? हॉस्पिटलात तीन तास शेजारी बसले होते मी. हात दुखतोय असं एकदा म्हणाले नाहीत बाबा. गाडी कशी उचलायला हवी होती, तेच सांगत होते. एक्स-रेवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा म्हणतोय, हात हलवू नका.

नाही, त्यांना सगळं कळत होतं. म्हणून तर माझं डोकं फिरलंय. मेन स्टँड असता तर प्रश्नच नव्हता, तो चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच असतो, त्याच्यावर गाडी खुशाल उभी राहते. पण तो तुझ्या नवऱ्याने केव्हाच काढून टाकलाय. का, तर वळताना घासतो म्हणे. आता काय, शर्यतीत उतरायचंय का त्याला? ऑफिसात जातो ना तो?

सांगितलं होतं बाबांनी त्याला. परवा गाडी सोडायला आला तेव्हाच सांगितलं होतं, की बाबा रे, हा स्टँड यासाठी नाही चालणार, गाडी वरून बांधून घ्यावी लागेल, आणि धरायला एक माणूस लागेल. त्यावर हा काय म्हणाला माहितीये? "व्हिडिओत तर एकटाच माणूस करतो, दहा मिनिटांचं काम आहे." असं म्हणाला आणि निघून गेला…

मी नाही, वरच्या शिंपीकाकांनी ऐकलं. खिडकी त्यांची शेडवरच आहे.

नाही, तू त्याची बाजू घेऊ नकोस आत्ता. नंतर घे. महिनाभर घे.

तर ऐक. बाबांनी एकट्याने करायचं म्हणून जेवढं करता येईल तेवढं नीट केलं होतं. पुढचं चाक भिंतीला टेकवलं. पुढचा ब्रेक दाबून त्याला रबरी पट्टा गुंडाळला, गाडी सरकू नये म्हणून. खाली जॅक लावला, जॅकवर लाकडाची फळी, आणि हळूहळू मागचं चाक उचललं. राहिलं होतं एकच. वरच्या लोखंडी तुळईवरून पट्टा टाकून गाडीची चासी मागून बांधायची. त्याला स्टुलावर चढावं लागतं. आणि हे स्टुलावर चढणार, तर तेवढा वेळ खाली गाडी धरणार कोण?

कोणीच नाही. म्हणून ते राहिलं.

वरचा बोल्ट निघाला. खालचा गंजलेला. तुझा नवरा गाडी धुतो, पण कुठे धुतो देव जाणे. मग त्यांनी पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. एकदा दिला, दोनदा दिला. तिसऱ्या वेळी फळी सरकली. गाडी डावीकडे कलली, ह्यांचा उजवा हात आत, चाकाच्या वर. काढायला वेळच मिळाला नाही.

हो… हो. तसेच पडून होते. जमिनीवर, एका कुशीवर. फोन बाहेर ओट्यावर.

अर्धा तास. अर्ध्या तासाच्या वरच.

ओरडले ना. पण वर शिंपीकाकांचं मशीन चालू. म्हणून मग डाव्या हातात पाना घेऊन शेडच्या पत्र्यावर ठोकायला लागले. आणि काकांना ऐकू येत होतं गं. पण त्यांना वाटलं, काम चाललंय. ते आपले शिवत बसले. आत्ता येऊन गेले. म्हणाले, मला शेवटी असं वाटलं की हे ठोकणं फार एकसारखं आहे. तीनदा ठोकतात, थांबतात, परत तीनदा. काम करणारा माणूस असं ठोकत नाही. म्हणून मशीन थांबवून खाली आले.

…

झालं?… पाणी पी.

काय?

आधी कोणाला बोलावलं का नाही, असं विचारतेस?

बोलावलं होतं.

मला.

पावणेबाराला फोन केला होता मला दुकानात. म्हणाले, दहा मिनिटं येऊन जातेस का, गाडी धरायला माणूस हवाय. मी म्हटलं, बाबा, काउंटरवर गर्दी आहे, दुसरी मुलगी सुट्टीवर आहे, मी औषधं देऊ की तुमची गाडी धरू? संध्याकाळपर्यंत धीर नाही का तुम्हाला? असंच म्हणाले मी. ह्याच शब्दांत. ते म्हणाले, बरं बरं, राहू दे, तू काम कर.

पाच मिनिटांवर आहे दुकान. चालत.

…नाही, समजूत घालू नकोस माझी. मला नकोय समजूत. मला तुझ्यावरच चिडू दे आज. तू गाडी आणलीस कशाला? गावात गॅरेजं नाहीत? आई गेल्यापासून ते धड जेवत नाहीत, जिना चढताना कठडा धरतात, आणि तू त्यांच्या दारात पावणेदोनशे किलोची गाडी आणून…

काय?

काय म्हणालीस?… परत सांग.

त्यांनी? स्वतःहून?

कधी?… गेल्या महिन्यात. आणि काय म्हणाले, नीट सांग… "घरात काही बिघडलं असेल तर आणून दे." …पंखा, मिक्सर, काहीही.

मग मला का नाही सांगितलंस तू?

मला सांगू नकोस म्हणाले… असं का म्हणाले?

ती दमून येते, असं म्हणाले.

…

आहे. ऐकतेय.

एका घरात राहतो गं आम्ही. सकाळी चहा एकत्र पितो. मला एक मिक्सर आणून देता आला नाही त्यांना बिघडवून.

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

आता तुला का कळवलं नाही ते सांगते. तिथे हॉस्पिटलातच, प्लास्टर ओलं असताना, मला शपथ घातली त्यांनी. धाकटीला सांगू नकोस. मी म्हटलं, का? तर म्हणाले, पेट्रोलच्या टाकीला पोचा आलाय. जावई चिडतील. हात सुटला की मी आतून ठोकून पोचा काढतो, रंग लावतो, मग सांगू.

हो. टाकीचा पोचा. बोट राहतंय की जातंय ते माहीत नाही, आणि ह्या माणसाला पोच्याची काळजी. तुझ्या नवऱ्याची भीती वाटते त्यांना, कळलं का तुला? ज्याला त्यांनी पहिल्यांदा गाडीचा क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, त्याची.

…आला का बाहेर? स्पीकरवर ऐकत होता? दे त्याला फोन. दे म्हणते ना. मी नीट बोलेन.

हॅलो. हो. ऐकलंत ना सगळं?

नाही, माफी माझ्याकडे मागू नका. मला त्या माफीचं काही करता येणार नाही… हो. मोडलंय… दोन. मधलं आणि करंगळीशेजारचं… शुक्रवारी कळेल.

गाडी आहे तशीच पडलीय शेडमध्ये, काकांनी आणि दोघा-तिघांनी बाजूला केली तेवढीच. टाकी डाव्या बाजूने चांगलीच चेपलीय. बघा, आता तुम्हाला काय बोलायचं असेल ते…

काय?

टाकी गेली खड्ड्यात? …बरं.

आत्ता? आत्ता निघताय?… नाही, जेवून आलात तरी चालेल. बरं, या मग दोघंही.

आणि गाडीचं काय करणार?… रविवारी. तुम्ही करणार, आणि ते खुर्चीवर बसून सांगणार. हं. ते सांगतील तसं करावं लागेल, व्हिडिओ लावायचा नाही. आधी पट्टा वरून बांधायचा, मग हलवून बघायची, मग बोल्टला हात. ते तुम्हाला तो पट्टा तीनदा सोडायला लावतील… चालेल? बघा हं. मी दुकान बंद ठेवून येणार आहे धरायला.

अजून राग गेलेला नाही माझा. एवढ्याने जाणारही नाही.

ते जागे आहेत. मघापासून आतून विचारतायत, कोण आहे, कोण आहे. तुम्हीच सांगा त्यांना टाकीचं. मी सांगितलं तर खरं वाटणार नाही. थांबा, नेते आत.

बाबा… जावई आहेत फोनवर. हो, सांगितलं मी. मोडली शपथ, काय करायचं ते करा.

नाही हो, चिडलेले नाहीत. घ्या, बोला तर खरं.

तो नाही, बाबा… डावा. डाव्या हातात धरा.