पडद्याची तीट

खी खी खी... खॅऽऽ खॅऽऽ... अख्खा तंबू हसला ना भाऊ, तो आवाज अजून माह्या कानात हाये! आता तुमीच सांगा, पडद्यावर माय मरून राह्यली, पोरगा तिचे पाय धरून रडून राह्यला, अन् पब्लिक हसते? काऊन? तं मायच्या नाकावर हा लिंबायेवढा काळा डाग! मायनं मान इकडे केली तं कानावर, तिकडे केली तं गालावर. माय मेली, डाग जिता! अन् मी पडद्यामागं बांबू धरून उभा, घामानं चिंब... पन करता काय? बिब्ब्याचा डाग तो, अन् बिब्बा काई जात नाई, भाऊ.

तुमाले सांगतो, मी तसा हळू बोलनारा मानूस, दोन शब्दाले चार दम घेतो, पन या पडद्याचं नाव निघालं का माही गाडी सुटते. पन्नास-पंचावन सालातली गोष्ट. तवा हा सारा मुलूख चांदा जिल्हाच. गुणवंतराव आमचे मालक, फिरत्या सिनेमाचे. एक तंबू, एक चित्र फेकाचं मशीन, एक वीज कराचं इंजन, ते रोज मधातच बंद पडे, अन् नागपूरहून आनलेला पांढराफेक पडदा. पडदा बांधाचा, सोडाचा, घडी कराची, हे माह्याकडे. पोरावानी जपला मी त्याले. घरी पोर नव्हतं ना... माही रुखमा तंबूसंगंच फिरे, साऱ्याईच्या भाकरी थापे अन् सांजच्याले पडद्याची घडी मांडीवर घेऊन बसे.

तिनं पाह्यलं, का एवढे लोक रोज पडद्याकडे टक लावून पाहतेत, पापनी हालवत नाईत. तिच्या जिवाले घोर! एवढ्याईची नजर, लागन नाई का? मंग लावली तिनं तीट! काजळ नाई लावलं, काजळ पुसते ना! जंगलातला बिब्बा आनला, सुईनं टोचला, दिव्यावर धरला, अन् त्याचं काळं तेल लावलं. कोपऱ्यालेच लावलं बिचारीनं, कोनाले दिसू नये म्हनून. पन पडदा होता घडीत! अन् घडीचा कोपरा उघडल्यावर कुठी येते? मधात! बरोब्बर मधात! चारी पदरातून तेल झिरपलं, अन् असा उतला, असा उतला... बिब्बा काई जात नाई, भाऊ.

गुणवंतराव पडदा घेऊन नागपूरले गेले, मी संगं. ग्यारंटी मागच्याच बाजारी संपली होती. दुकानदार म्हने, "गारंटी तो फटने की थी, भाई. फटा है क्या?"

"नाई जी."

"तो फाड़ के लाते! अब तो वो भी खतम!"

मंग घाटावर कपडे धुनाऱ्या डोमा वरठ्याकडे नेला. तो डाग पाहून असा हसला का घाटावरच बसला. "भाऊ, कपड्याले खूण कराले आमी बिब्बाच वापरतो. कायले? जाऊ नये म्हनूनच तं!" मंग चुना फासला. वारा सुटला, चुना झडला, पयली रांग बगळ्यावानी पांढरी होऊन घरी गेली! मंग मशीनवाल्यानं चित्रच बाजूले सरकवलं. हीरो पडद्यावर, अन् हिरोईन बाहेर मोहाच्या झाडावर... दोघं भेटाचे कसे?

मालकानं शपथ घेतली, "ज्याचं हे काम असन, त्याले पयल्या मोटारीनं घरी धाडतो!" आता घर कुठी होतं आमचं? तंबूच तं घर! रुखमा माह्याकडे पाहे, मी बांबूकडे पाहो.

अन् आलापल्लीले खरा तमाशा झाला. मुखरू म्हनून एक धानाचा कास्तकार रोज पयल्या रांगेत बसे. तिसऱ्या खेळाले त्यानं डोकं लावलं. "काल राजाच्या गालावर हाच तीळ, आज मास्तरच्या गालावर हाच तीळ! हे एकाच खानदानाचे लोक होत!" साऱ्याईले पटलं. न पटाले काय झालं? अन् मंग आलं शेवटचं लगन. हीरो मधात आला, गालावर तीळ. हिरोईन मधात आली, गालावर तोच तीळ! मुखरू ताडकन उभा! "अबे, हे तं भाऊ-बहीन! लगन लावून राह्यले!"

मांगून लालसू उठले. जंगलातल्या गावचे म्हातारे, मोठ्या मानाचे. शांतपनं म्हनले, "एका देवाचे, एकाच कुळीचे पोरं हायेत. सोयरीक होत नाई. थांबवा."

झालं! "थांबवा! थांबवा!" बाया तोंडाले पदर लावून राह्यल्या, पोरं चेकाळले, अन् ते रोज बंद पडनारं इंजन, तुमाले सांगतो, त्या दिवशी घोड्यावानी पळे! गुणवंतराव धावत पडद्यासमोर गेले, नवरीचं तोंड त्याईच्या धोतरावर, अन् हे वरडतेत, "तीळ नाई बाप्पा, डाग हाये डाग!"

मुखरू म्हने, "असं? मंग लावला कोनं?"

अन् नेमकं तवाच इंजन बंद पडलं, सारा अंधार! मालकानं कंदील उचलला, एकेकाच्या तोंडाजवळ नेला. "बोला! कोनं लावला? आज त्याचा गाशा गुंडाळतोच!"

मी म्हनलं, आपन अंगावर घ्यावं. तोंड उघडलं. "मालक... ते... म्हंजे... मी..." आता माहं बोलनं असं! माह्या दुसऱ्या शब्दापर्यंत रुखमा उभी!

"मी लावली तीट," म्हने. "लेकराले लावत नाई का? एवढे लोक टक लावून पाहतेत, त्याले नजर नाई लागन? पल्याडच्या कंपनीचा तंबू जळला, आपला जळला का? वादळात उडाला का? पडद्याले एक भोक तरी पडलं का? नागपूरवाल्याची ग्यारंटी संपली असन मालक, माही नाई संपली! अन् त्या इंजनाले तीट नाई, तं पाहा त्याचे हाल!"

मी डोळे मिटले. म्हनलं, निघाली मोटार.

गुणवंतरावानं तिच्याकडे पाह्यलं. डागाकडे पाह्यलं. मंग बंद पडलेल्या इंजनाकडे पाह्यलं... लई वेळ पाह्यलं. अन् तिच्यापुढं हात पसरला. रुखमानं कनवटीचा बिब्बा काढून त्याईच्या हातावर ठेवला. कंदील घेऊन निघाले ते इंजनाकडे. पन मधातच वळले, अन् थेट मशीनकडे, सगळ्यात महागाचं तेच ना!

"मालक!" मी मांगून वरडलो, "भिंगाले नको जी! भिंगाले नको! बिब्बा काई जात नाई..."

मांगं वळून नाई पाह्यलं त्याईनं. बिब्बा मुठीत धरून मशीनकडे चालले गेले.