दादा खेड्याचा दगड

नाही, साल नंतर. आधी बसा, मिस्त्री. तो कागद खिशात घाला – पाणी पडून शाई फुटली तर फुटली, शेवटचा आकडा एक की सात हे मीच सांगणार ना तुम्हाला, लिहिलंय मीच, मग घाई कसली. दगड ट्रॉलीत आहे, ट्रॉली लिंबाच्या सावलीत आहे, आणि तुम्हाला काम देणाऱ्या सतबीरची माणसं पाच वाजल्याशिवाय येत नाहीत. हुक्का ओढता? नाही? मग ताक घ्या. ऐकलंस का गं, मिस्त्रींना ताक. – आत भांडं आपटलं ना, ते ताकासाठी नाही, माझ्यासाठी आपटलं. तीन दिवस हेच चाललंय.

बाकी सगळं कोरून झालंय म्हणता? काय काय कोरलंत, म्हणा बरं. 'कासणवास गाव वसवणारे शूरवीर राव धडसी' – हं. 'संवत चौदाशे' – आणि पुढं जागा सोडलीय. आणि खाली? 'संशोधन – इतिहासकार रिसाल सिंग.' इतिहासकार. सातवीत शाळा सुटली माझी, मिस्त्री. थोरला भाऊ नांगराला एकटा पुरेना, म्हणून सुटली. पुढं सरकारी बसचा कंडक्टर झालो, तीस वर्षं तिकिटं फाडली, आणि जो काही इतिहास शिकलो तो त्या बसमध्ये शिकलो. तिकीट देता देता विचारायचो – ताऊ, गाव कोणतं, गोत कोणतं, तुमची माणसं कुठून उठून इथं आली? लोक हसायचे. एक म्हातारी म्हणाली, का रे, गोत सांगितलं की तिकिटात सूट आहे का? पण सांगायचे. दोनशे बारा गावं लिहिली मी अशी, हिशेबाच्या कागदांच्या पाठीवर. त्या तीन ट्रंका दिसतात? वाळवीपासून वाचवल्यात. कुठल्या विहिरीचं पाणी कुणी पहिल्यांदा काढलं, कुणी कर द्यायला नकार दिला आणि कुठल्या बाभळीला त्याला लटकवलं, बायका विहीर पुजताना काय गातात – सगळं आहे. कॉलेजातले लोक मोटार घेऊन येतात आता, फोटो काढून नेतात, माझं नावसुद्धा घालत नाहीत. न का घालेनात. जाटांना इतिहास नाही असं म्हणायची हिंमत या जिल्ह्यात आता कुणाची होत नाही, ती या ट्रंकांमुळे.

तेव्हा व्हायची हो. डेपोत एक बाबू होता, चार बुकं शिकलेला. मला लिहिताना बघायचा आणि सगळ्यांपुढं म्हणायचा – रिसाल, जाटांचा इतिहास मी सांगतो, लिही. म्हैस व्याली, म्हैस आटली. संपला. सगळे हसायचे. मी तेव्हा फार बोलत नव्हतो, कुणी वर मान करून बघितलं तरी माझे कान लाल व्हायचे. पण मनात घेतलं, याला दाखवतो. आणि पुस्तिका काढली, बत्तीस पानी, आमच्या गावाची. राव धडसी त्यातलाच. पंधरा गावांना अंगावर घेतलं त्यानं, दोन हातांनी न उचलवणारी तलवार एका हातानं फिरवली, आणि जिथं घोडा थांबला तिथं गाव वसवलं. लोकांनी डोक्यावर घेतली पुस्तिका. तीनदा छापली. बाबूनंसुद्धा एक नेली.

काय? हो, तेच म्हणतोय. सालाकडंच येतोय.

तुम्ही येताना दादा खेडा बघितला असेल, तळ्याजवळ, पांढरा चुना लावलेला. हां, मूर्तीवर कापड टाकलंय तो. गाव वसवणाऱ्याचं ठाणं ते, आमच्या सगळ्या गावांना असतं. नवी नवरी आली की आधी तिथं, म्हैस व्याली की पहिलं दूध तिथं. आत काय असतं? काही नाही. देवळी आणि दिव्याची काजळी. आमच्या वाडवडिलांनी तिथं कधी मूर्ती बसवली नाही, मिस्त्री, कधीच नाही – हे मी दोनशे बारा गावांत लिहून घेतलंय. सुतार येतो, चांभार येतो, तुमच्यासारखे पाथरवटही येऊन दिवा लावतात, कुणाला विचारावं लागत नाही, कारण आत कुणीच बसलेला नाही. आणि उद्या सकाळी तिथं हा राव घोड्यावर बसणार. सतबीर मूर्तीच्या समितीचा अध्यक्ष. अडीच महिने धावतोय त्यासाठी. मला म्हणाला, चाचा, तुमच्याच पुस्तकातला राव आहे, तुम्हीच नारळ फोडा.

चाचा म्हणतो तो मला. हो, मुलगाच. म्हणजे – ते असू द्या.

तुम्हाला साल हवंय. चौदाशे सदतीस. थांबा, लिहू नका. हातातला तो पेन्सिलीचा तुकडा खाली ठेवा आणि मला विचारा, रिसाल सिंग, हे सदतीस कुठून आणलंत? चौदाशे सदतीस माझ्या बसचा नंबर होता. मागच्या पाटीवर लिहिलेला, रोज सकाळी धुवायचो मी. आणि धडसी आमच्या ड्रायव्हरचा चुलता. दोनदा बैलगाडीवरून पडला होता, घोडा त्यानं लग्नातसुद्धा बघितला नसेल. नाव भारदस्त वाटलं, घेतलं. तलवार कुठून आणली ते आता मलाही आठवत नाही. हसा की. मी अडतीस वर्षं हसलेलो नाही, तुम्ही तरी हसा.

तुम्ही म्हणाल, बाबूसाठी केलंत, समाजाच्या मानासाठी केलंत. मीही हेच सांगत आलो. खोटं नाही ते – अर्धं आहे. कारण खरी गोष्ट माझ्याकडं होती, मिस्त्री. पुस्तिका लिहिण्याआधीच होती. आमचा वंशावळीवाला भाट आला होता वही घेऊन, मी त्याला या इथं, या खाटेवर बसवून मागचं मागचं पान उलटायला लावलं. शेवटच्या पानावर काय होतं? राव नाही, घोडा नाही. भतेरी. चौथी पाचवी मुलगी झाली की नकोशीला आमच्याकडं ठेवतात ना नाव, पुरे झाल्या आता म्हणून, तेच. दुष्काळात नवरा मेला, तर ही बाई दोन बैल आणि एक लहान दीर घेऊन निघाली, तळं दिसलं तिथं थांबली, नांगर स्वतः धरला. दीर मोठा होऊन नांगर धरायला लागला तेव्हा तिनं त्याच्यावर चादर घातली. नीट ऐका – तिनं. आमच्यात विधवेवर दीर चादर घालतो, की झाला संसार पुन्हा सुरू, पण घालतो तो दीर. वहीत भाटानं दोनदा लिहिलंय, चादर भतेरीनं घातली. त्यांची आम्ही पोरं. सगळं गाव.

का नाही लिहिलं? – अगं, ठेव ना ताक, दारात काय उभी राहिलीस, ऐकू दे, तुला काय नवीन आहे त्यात – का नाही लिहिलं, तर मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा भाऊ गेला. पंचायत बसली, माझ्या हातात चादर दिली, ही तिथं पदर ओढून बसलेली, मांडीवर सतबीर दोन वर्षांचा. मी घातली. पुढं आठ वर्षं डेपोत मला काय म्हणायचे माहीत आहे? 'रिसाल, भावाची सायकलपण घेतलीस का रे?' आणि तोच मी, गावाचा इतिहास लिहायला बसलो, तर पहिल्या पानावर हे लिहू? लाज वाटली. माझी मला. म्हणून राव आणला, त्याला घोड्यावर बसवलं, म्हणजे कुणी खाली बघायला नको.

काय म्हणालीस? – म्हणतेय, तुझ्या हातात चादर दिली, मला विचारलं होतं का कुणी. नव्हतं विचारलं. खरं आहे. चाळीसच्या वर वर्षं झाली, मीपण नाही विचारलं. हिला वाचता येत नाही, मिस्त्री. पुस्तिका छापून आली तेव्हा सतबीर दहाचा, त्यानं अंगणात मोठ्यानं वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं हिनं आणि म्हणाली, आणि ती बाई कुठं गेली? एवढंच. पुढच्या रविवारी खेड्यावर गेली तर एकाऐवजी दोन दिवे नेले. तेव्हापासून दोन. गाव म्हणतं नवस असेल. सतबीरलाही तेच वाटतं.

सतबीरला सांगितलं ना काल. म्हणाला, चाचा, मूर्ती आली, आमदार येणार, आता एका बाईच्या चादरीसाठी मी गावाला तोंड कसं दाखवू? मी म्हणलं, तू चादरीतच वाढलास रे, तुझं काय वाकडं झालं? उठून गेला. आज माझ्याशी बोलला नाही. नको बोलूस म्हणावं. माझा बाप, माझा भाऊ, तो स्वतः – कुणाची मान खाली जाण्यासारखं त्यात काय आहे? विधवेचं डोकं भादरून तिला कोपऱ्यात बसवणाऱ्यांनी आम्हाला हिणवलं, आणि आम्ही त्यांच्यासारखे दिसायला घोडे घेतले. सगळ्यात आधी मी घेतला. तर उतरणार पण आधी मीच.

अर्धा इंच खोल गेलंय म्हणता, पुसता येणार नाही. बरं. मग दगड उलटा करा. मागं कोरं आहे ना? खडबडीत असू द्या, ती बाईपण काही गुळगुळीत नसेल. भतेरी, एवढंच कोरायचं. साल नको, मला ठाऊक नाही. आणि माझं नाव नको.

सतबीरच्या शब्दाशिवाय हात लावणार नाही म्हणता. रास्त आहे, काम त्याचं, तुम्ही परमुलखातले. मग ताक संपवा, आपण दोघांनी मिळून दगड तेवढा पालथा करू, आणि तुमची छिन्नी-हातोडी ठेवा इथं खाटेवर. मीच कोरतो; तिकिटं फाडणारा हात आहे, सांगायला नको. वाकडं येईल. येऊ दे.

अगं, तू कुठं निघालीस? – ट्रॉलीचं मागचं फळकं पाडायला, दगड उतरवायला. बघा, वाट बघत नाही ही.

चला, उठा मिस्त्री. धरा तिकडून. मग तुमच्या वाटेनं जा, आणि रस्त्यात सतबीर भेटला तर थांबू नका.