मास्तरांनी कुणाकुणाला मारलं

मृतांचा सण जवळ आला, की रिवाजाप्रमाणे फिदेन्सिओ मास्तर गावातल्या जित्याजागत्या माणसांना कवितेत मारत आणि ती कविता चौकात चिकटवत. यंदाची आज सकाळीच चिकटली होती. मक्याच्या पोळ्यांच्या रांगेत मास्तरांच्या पुढे उभ्या असलेल्या दोघींना मागे कोण आहे याचा पत्ताच नव्हता.

“पाद्रीबाबांना दारूच्या पिंपात बुडवून मारलंय! लिहिणाऱ्यानं लोकांच्या श्रद्धेला असा धक्का लावू नये, तोमासा.”

“अगं रेफुहिओ, पण ते पितातच की.”

“ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग लिहायचं कशाला?”

“मग काय, ठाऊक नाही ते लिहायचं?”

“ती तर बदनामी झाली!”

“बाई गं! मग लिहावं तरी काय माणसानं?”

“जसं आहे तसंच लिहावं, पण चांगलं चांगलं.”

“तुझ्याबद्दल काय खरडलंय एवढं?”

“एक ओळ नाही! लग्न होऊन आल्यापासून अख्ख्या गावाशी भांडतेय मी. त्या घुम्या न्हाव्यालासुद्धा दोन कडवी, आणि मी काय मेले होते?”

मास्तरांना ठसका लागला. रेफुहिओ गर्रकन वळली.

“बरे सापडलात, मास्तर! पुढच्या वर्षी मला मारा. आणि मिळमिळीत नको, चांगलं हालहाल करून!”