संकल्पातली नदी

हसा खुशाल, पण मोबाईलवरून सत्यनारायण सांगणं म्हणजे डोक्याला ताप असतो. आमच्या गल्लीतला निखिल पाच वर्षं जर्मनीत एकाच घरात राहतोय. परवा त्याची पूजा मी इथून, पंचवटीतून सांगत होतो. संकल्पात आपण कुठल्या नदीकाठी बसलोय ते म्हणावं लागतं. मी विचारलं, "तुझ्याकडची नदी कुठली?"

"गोदावरीच म्हणा ना, गुरुजी."

"गोदावरी माझ्या दाराशी आहे. तू कुठे बसलायस?"

"खाली एक नदी आहे, पण नाव माहीत नाही. थांबा, मोबाईलवर बघतो."

"मोबाईलमध्ये मी बसलोय! कुणाला तरी विचारून ये. तोवर मी पुढचं अक्षर म्हणणार नाही."

बिचारा सोवळ्यातच बाहेर गेला. पाच मिनिटांनी धापा टाकत आला.

"नेकार! समोरच्या आजींनी सांगितलं."

"आजींचं नाव काय?"

"ते नाही विचारलं. आजच पहिल्यांदा बोललो त्यांच्याशी."

"मग ऊठ परत. नाव विचार आणि प्रसादाला घेऊनच ये. मी नाशिकहून तुझ्या घरात येऊन बसलो, आणि तुला समोरचं दार लांब पडतं?"