रिपोर्टआधीची कात्री

लॅबच्या खिडकीतून घेतलेला रिपोर्ट शिंप्याने न बघताच बायकोच्या हातात कोंबला. मागच्या बाकावरच्या शिक्षिकेने वाचता वाचता पुस्तक मिटून त्यांच्या बोलण्याकडे कान दिला.

"तूच वाच," शिंपी म्हणाला.

"अहो, लिव्हरच्या कॅन्सरची चाहूलसुद्धा नाही! रक्तातला आकडा नॉर्मल, सोनोग्राफीही स्वच्छ."

"म्हणजे सिरॉसिस होऊनही लिव्हर शहाण्यासारखं वागतंय."

"तुमच्यापेक्षा शहाणं आहे ते. आता सहा महिन्यांनी पुन्हा यायचं."

"चल, ते निळं कापड आजच कापतो. रिपोर्टआधी स्वतःच्या शर्टाला कात्री लावायची नाही, हा आपला नियम."

"मी कालच कापलं."

"काय? आणि रिपोर्ट वाईट आला असता तर?"

"तर नवा शर्ट घालून उपचारांना गेला असतात."

"धन्य आहेस! उरलेलं कापड तरी ठेवलंस ना?"

"त्याचा दुसरा शर्ट कापलाय. पुढच्या रिपोर्टला घालायचा."