दाराजवळची खुर्ची

मिरजेच्या स्टँडवर आटपाडीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी. थोरली नुकतीच दवाखान्यातून आलेली, धाकटी तिच्या सोबतीला.

"आक्का, एवढा येळ आत काय करत्यात गं?"

"गोल बसवत्यात सगळ्यास्नी. जीव कसा घाबरतो, ते ज्यानं त्यानं सांगायचं."

"सांगून छातीतली धडधड जाती व्हय?"

"लगीच न्हाई जात. पर ऐक. पयल्या खेपंला मी दाराजवळची खुर्ची धरली. घाबरं झालं तर भाईर पळायला बरं. दुसऱ्या खेपंला बघती, तर तिथं एक रिटायर सुभेदार बसलेला. म्हणलं, बाबा, ती माजी जागा. तर म्हणतो, आई, मलाबी दार जवळ लागतंय. कुकरची शिट्टी झाली तरी हातपाय गार पडत्यात."

"फौजी माणूस?"

"मलाबी खरं वाटंना. मग डॉक्टरीणबाईनं इचारलं, दाराजवळ कुणाकुणाला बसायचंय? समद्यांचं हात वर. कालेजातली पोरगी, बँकेतला सायेब, समदी. इतकी वर्सं मला वाटायचं, हे भ्या माझ्या एकटीलाच हाय."

"आज कोण बसलं दाराशी?"

"मीच हुते. तेवढ्यात एक नवी पोरगी आली लोणंदची. उंबऱ्यातच थरथरत हुबी. उठले, तिला बसवली."

"आन तू?"

"पार आत, भिंतीकडं. सुभेदारानं शेजारी खुर्ची सरकवून दिली. त्याचंबी हात गार, माजंबी."

"लागली बघ गाडी. थांब, दाराजवळची सीट धरती तुला."

"ऱ्हाऊ दे. आज खिडकीची धर."